एकाच्या जागी शून्य

मित्रांनो, मी एक जुनी चाचणी आहे. चाचणी म्हटले की तुम्हाला शाळेतला पेपर आठवेल, पण मी ती नव्हे. मी संगणकात राहते. कोणी माणूस संगणकासाठी एखादी नवी व्यवस्था तयार करतो, तेव्हा ती नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी तो माझ्यासारख्या चाचण्या लिहून ठेवतो. सगळे ठीक असले की मी हिरवी होते. काही चुकले असले की लाल होते. बातमी वाईट असली तरी खरी सांगायची, एवढ्यासाठीच आम्हाला लिहिलेले असते. मी मात्र खोटी बातमी दिली, आणि त्यापायी रेणू नावाची एक मुलगी एकोणीस दिवस दवाखान्यात पडली. शाबासकी मिळावी म्हणून मी बोलत नाही. मनात ठेवून ठेवून जड झाले आहे, म्हणून बोलते.

माझा जन्म सडक अर्जुनीला झाला. महामार्गाच्या कडेला टायरच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे हिमांशू नावाचा तरुण लॅपटॉप घेऊन बसत असे. खाली भरलेला ट्रक येऊन थांबला की वर त्याचे टेबल थरथरायचे. शिक्षण झाल्यावर तो काही वर्षे नागपूरला नोकरीत होता. आईजवळ राहायचे म्हणून परत आला.

नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात लोकांनी मिळून एक मंडळ काढले होते. मंडळाची कामे पुष्कळ. पर्यटकांना जंगल दाखवणाऱ्या गाईडांच्या पाळ्या लावायच्या. मोहफुले वेचणाऱ्या बायांची नोंद ठेवायची. आणि आजूबाजूच्या गावांतल्या सिकलसेलच्या रुग्णांना दर महिन्याला घरपोच औषध द्यायचे. सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. तो आईबापांकडून येतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, जागोजागी अडकतात, आणि माणूस दुखण्याने तळमळतो. रोजचे औषध चुकवले नाही तर बरेच सावरता येते.

या सगळ्या नोंदी वेगवेगळ्या रजिस्टरांत होत्या. त्या संगणकात एका ठिकाणी आणायचे काम हिमांशूकडे आले.

त्याने काय केले ते सोपे करून सांगते. आधी त्याने एक तक्ता केला. त्यात प्रत्येक माणसाचे नाव, गाव, वय आणि फोन. त्याला तो मायतक्ता म्हणायचा. मग गाईडांचा एक, मोहफुलांचा एक, रुग्णांचा एक, असे लेकतक्ते केले. लेकतक्त्यात नावगाव पुन्हा लिहायचे नाही. ते मायकडून वारशाने येते. मायकडे एकदा फोन बदलला की सगळ्या लेकींकडे बदलतो. सोय मोठी छान. पण या वारशाला एक नियम आहे. हिमांशूने दुसऱ्यांनी लिहिलेल्या ज्या तयार सांगाड्यावर काम उभे केले होते, त्या सांगाड्याच्या माहितीपत्रकात तो नियम लिहिलेलाही होता. लेकतक्त्यातली एखादी ओळ काढली की मायतक्त्यातली तिची ओळही निघून जाते. आणि मायची ओळ गेली की तिच्या आधाराने उभ्या असलेल्या बाकीच्या लेकींच्या ओळीही जातात. माय राखायची असेल तर तसे वेगळे सांगावे लागते.

हा वारसा नीट चालतो का, हे पाहण्यासाठी हिमांशूने मला लिहिले. माझ्या बावीस ओळी आहेत. मी खऱ्या माणसांना कधी पाहत नाही. रिकामे तक्ते मांडते आणि त्यात एक खोटी बाई तयार करते. तिचे नाव त्याने नमुनाबाई ठेवले होते. नमुनाबाईला मी गाईड करायची. तिचे गाव गाईडांच्या तक्त्यातून दिसते का पाहायची. मग गाईड म्हणून तिचे नाव काढून टाकायची आणि मोजायची. गाईड किती उरले? शून्य. माणसे किती उरली? एक. गाईड राहिली नाही तरी बाई माणूस आहेच. शेवटी सगळे पुसून जागा होती तशी रिकामी करायची. पापणी लवायच्या आत माझे हे सारे होते.

'माणसे एक' ही शेवटची ओळ हिमांशूने सकाळच्या शांत वेळी, चहा पिता पिता लिहिली होती. माझ्यात काही थोरपण असेल तर ते त्या ओळीत होते.

डिसेंबरातली गोष्ट. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात ही नवी व्यवस्था गावासमोर सुरू करायची होती. मंडप पडला होता. हिमांशूने निघण्यापूर्वी सगळ्या चाचण्या एकदा चालवल्या. एकेक हिरवी होत गेली. माझी पाळी आली आणि मी लाल झाले. 'हवे होते एक, सापडले शून्य,' असे मी स्पष्ट सांगितले. गाईडबरोबर माणूसही पुसला गेला होता. त्यानंतर कित्येक महिने मी असे खरे बोलले नाही.

तेवढ्यात फोन वाजला. मंडळाचे सेवकराम बोलत होते. हे गृहस्थ गाईडांच्या पाळ्यांचे रजिस्टर ठेवत. चाळिशी उलटल्यावर प्रौढवर्गात बसून अक्षरे शिकलेले. लिहायला वेळ लावायचे, पण लिहिलेले कधी खोडायचे नाहीत.

"कुठी आहेस बाबू? मंडप भरून राहिला. पाहुणे आले, त्यायचा चहाबी झाला. तू निंगाला का नाही?"

"निघतोच काका. एक काम अडून राहिलं."

"आता काय अडलं?"

"गाईडचं नाव काढलं का मागचं माणसाचं नावबी जाऊन राहिलं."

"जाऊ दे ना मंग! पावसात जंगल बंद झालं का आमी रजिस्टरच बंद करतो. आक्टोबरमंदी नवं रजिस्टर, नवे नावं. आमी वरसानुवरसं तसंच करून राहिलो. तू ये लवकर. तुह्या नावचा नारळ इथं वाट पाहून राहिला."

सेवकरामांचे काही चुकले नव्हते. जंगल बंद व्हायच्या दिवशी गाईडांच्या नावांखाली आडवी रेघ मारायची, आणि ऑक्टोबरात नव्या रजिस्टरला हळदकुंकू लावून पुन्हा पहिल्यापासून नावे लिहायची, ही तिथली रीत. पण त्यांच्या रजिस्टरात फक्त गाईड होते. रुग्णांचे रजिस्टर वेगळ्या कपाटात असायचे. कागदावर एकीकडे रेघ मारली म्हणून दुसऱ्या कपाटातले नाव पुसले जात नाही. संगणकात त्या दोन्ही कपाटांना हिमांशूने एका मायला बांधले होते, आणि हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हते.

तो दोन मिनिटे बसून राहिला. माय राखायची तर चार ठिकाणी बदल करावे लागले असते. मला गप्प करायला एक ठिकाण पुरे होते. त्याने माझ्या शेवटच्या ओळीतला 'एक' काढला आणि तिथे 'शून्य' लिहिले. मला पुन्हा चालवले.

मी हिरवी झाले.

तुम्ही म्हणाल, त्यात तुझा काय दोष, लिहिणाऱ्याने लिहिले तसे तू केलेस. मीही पुष्कळ दिवस स्वतःला हेच सांगितले. पण साक्षीला उभे केलेल्याने, पढवले म्हणून खोटे सांगितले, तर लोक फक्त पढवणाऱ्यालाच बोलतात का?

आणि हिमांशूचे तरी काय सांगू. त्याची आई पावसाळ्यात रोवणीला जाते, शाळेत खिचडी शिजवते, मोहफुलांच्या दिवसांत पहाटे टोपली घेऊन निघते. एका माणसाची चार कामे ही गोष्ट आपल्या भागात कोणाला शिकवावी लागत नाही. पण नागपूरच्या कचेरीत एका माणसाला एक खुर्ची आणि एक हुद्दा असायचा. तेच त्याच्या हाताला वळण लागले. नमुनाबाईला त्याने एकच काम दिले होते. ती गाईड नसली तर तिचे दुसरे काही बुडेल, हे त्याच्या मनातच आले नाही.

कार्यक्रमात त्याला शाल आणि नारळ मिळाला. माईकवर तो म्हणाला, "आपल्या व्यवस्थेच्या सगळ्या चाचण्या हिरव्या आहेत." लोकांना त्याचा अर्थ कळला नसेल, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांतला थोडा वाटा माझाही होता. आज तो आठवला तरी कुठे तोंड लपवू असे होते.

त्यानंतर मला कोणी विचारले नाही. हिमांशूला दुसरी कामे मिळाली. व्यवस्थेत बदल केला तरच चाचण्या चालवतात, आणि बदल कोणी केला नाही. माझ्यावर धूळ बसत नाही, मित्रांनो, पण विसरलेपण बसते. खाली टायर बदलत होते, ट्रक रायपूरकडे जात होते, आणि मी पोटात शून्य घेऊन गप्प पडले होते.

जूनच्या शेवटी जंगल बंद झाले. सेवकरामांनी मंडळाच्या संगणकावर 'हंगाम बंद' हे बटण दाबले. 'नक्की?' असे त्याने विचारले, तेव्हा त्यांनी ते अक्षर अक्षर वाचले, चष्मा पुसला आणि 'हो' म्हटले. अठरा गाईडांची नावे निघाली. त्या अठरांपैकी तिघींची नावे रुग्णांच्या तक्त्यातही होती. त्याच क्षणी तीही निघून गेली. कसला आवाज झाला नाही. दोघी नुसत्या वाहक होत्या, म्हणजे आजार रक्तात असून त्रास नसलेल्या; त्यांची फक्त चौकशी व्हायची, औषध नव्हते. तिसरी रेणू.

रेणू त्याच गावातल्या सुखरामची मुलगी. वय तेवीस. जंगलाच्या त्या गेटावर गाईड झालेली ती पहिली मुलगी. चितळ कोणत्या सुरात ओरडले म्हणजे वाघ उठला आणि कोणत्या सुरात म्हणजे नुसताच बसला आहे, हे ती डोळे मिटून सांगायची. आधी पर्यटक म्हणायचे, "लडकी गाईड? कोई और नहीं है क्या?" ती म्हणायची, "है ना साहब, पर उनको शेर नहीं दिखता." परत येताना तेच लोक तिच्याबरोबर फोटो काढायचे. तिला पूर्ण सिकलसेल होता. पण दोन वर्षे तिने एकही गोळी चुकवली नव्हती, आणि जंगलातली एकही पाळी चुकवली नव्हती.

औषध घेऊन येणाऱ्या रुक्माबाई शेजारच्या गावच्या. पूर्वी त्यांच्याकडे दोनच गावे होती आणि सगळी घरे तोंडपाठ. व्यवस्था सुरू झाल्यावर मंडळाने त्यांना अकरा गावे दिली. महिन्याच्या एक तारखेला यादी छापून मिळायची आणि त्या यादीप्रमाणे सायकल फिरायची. जूनच्या यादीत एकेचाळीस नावे होती. जुलैच्या यादीत अडतीस. रेणूचे नाव नाही हे रुक्माबाईंच्या लक्षात आले. त्यांना वाटले, पोर चिचगडला आत्याकडे गेली असेल, तिकडून औषध लावले असेल. संगणकाने काढले म्हणजे काही विचार करूनच काढले असेल. आणि रेणूला काय वाटले? जूनमध्ये डॉक्टर तिला म्हणाले होते, "रिपोर्ट छान आहेत तुझे." जुलैत रुक्माबाई आल्या नाहीत तेव्हा तिने घरी सांगितले, "माह्या गोळ्या बंद झाल्या वाटते, बाबा. बरी झालो मी."

ऑगस्टात दोघींची आठवडी बाजारात गाठ पडली.

"बरी आहेस ना वो पोरी?"

"हाव मावशी, बरी आहो. तुमी?"

"आमाले काय होते! पायाले भिंगरी आहे फकत."

एवढेच बोलून दोघी पुढे गेल्या. चार लोकांत, लग्नाच्या मुलीच्या आजाराचा विषय कोण काढणार? रुक्माबाईंना विचारायचे होते. रेणूलाही विचारायचे होते. एक बोलली असती तरी पुरे होते.

सप्टेंबरात रेणू धानाच्या बांधीत निंदणाला गेली. गुडघाभर गार पाण्यात दिवसभर उभी राहिली. घरी येता येता तिचे पाय दुखू लागले, मग पाठ, मग छाती. श्वास घेता येईना. सुखरामने तिला गाडीत घालून गोंदियाला नेले. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

रेणू म्हणाली, "तुमीच बंद केल्या ना, साहेब?"

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "कोणी केल्या बाई?"

जीव वाचला. पण डाव्या खुब्याच्या हाडाला रक्त पोचले नव्हते. एक ऑक्टोबरला जंगल उघडले, गाईडांच्या नव्या यादीत रेणूचे नाव पुन्हा लिहिले गेले, पर्यटकांची पहिली जिप्सी आत गेली, आणि ती खाटेवर पडून होती. डॉक्टर म्हणाले होते, जिप्सीत चढणे, उतरणे, हादरे, सध्या काही नको. पुढचे पुढे पाहू.

हे सगळे मला तेव्हा माहीत नव्हते. पुढे माझ्यासमोरच बसून लोक ते बोलले, म्हणून कळले.

सुखराम रुक्माबाईंच्या दारात गेला. शेजारीपाजारी गोळा झाले.

"काऊन वो बाई, तुले घरोघरी जाचं काम दिलं होतं ना?"

"लिस्टात नाव नव्हतं ना भाऊ."

"लिस्टात नव्हती, गावात होती ना! बाजारात तुह्यासंग बोलली ना!"

रुक्माबाई आत गेल्या आणि जून-जुलैच्या याद्या शोधून काढल्या. दुसऱ्या दिवशी त्या दोन्ही याद्या पिशवीत घालून, सेवकरामांना सोबत घेऊन, बसने सडक अर्जुनीला आल्या. टायरच्या दुकानाचा जिना चढून वर आल्या आणि याद्या टेबलावर ठेवल्या.

"हे तीन नावं कुठी गेले, बाबू?"

हिमांशूने याद्या पाहिल्या. "कोणाच्या हातून डिलीट झाले असतील, मावशी."

"रुग्णायच्या यादीले हात कोन लावते? मी तं फकत वाचतो."

हिमांशूने सेवकरामांकडे पाहिले. म्हाताऱ्या माणसाला तेवढे पुरले. ते आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहू लागले. "माहंच बोट चुकलं असन गा. मले ते मशीनचं एवढं समजत नाही. लवकर शिकलो असतो तं..."

मित्रांनो, मी तिथेच होते. टेबलावर, त्या उघड्या लॅपटॉपमध्ये. ज्यांनी आयुष्यात एक अक्षर चुकीचे पुसले नाही, ते सेवकराम माझ्यासमोर स्वतःला दोष देत होते. आणि मला बोलता येत नव्हते, कारण मला चालवल्याशिवाय मी बोलत नाही.

मग हिमांशूने मला चालवले. "व्यवस्थेत काही दोष नाही, मावशी. तुमच्यासमोर दाखवतो." चाचण्या चालल्या. सगळ्या हिरव्या. मीही हिरवी. नमुनाबाईला मी पुन्हा एकदा पुसून टाकले आणि 'माणसे शून्य, बरोबर' असे सांगितले. पहिल्या खोट्याला घाई तरी होती. या दुसऱ्या खोट्याच्या वेळी समोर दोन माणसे मान खाली घालून बसली होती. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी लाज हीच. ती हिमांशूची नाही, माझी.

सेवकराम उठले. रुक्माबाई मात्र बसूनच राहिल्या.

"हे हिरवं म्हंजे काय तपासते रे बाबू?"

"म्हणजे सगळं बरोबर आहे."

"ते समजलं. पन काय पाहून बरोबर म्हनते? बीपीचं मशीनबी नंबर देते. पन पट्टा हाताले बांधला का खुर्चीले, ते पाहा लागते ना. मले वाचून दाखव."

हिमांशू हसला. थकल्यासारखा. पण वाचू लागला. रुग्णांच्या चाचण्या वाचल्या, मग मी आले. तो एकेक ओळ मराठीत सांगत गेला. "एक बाई तयार केली. तिला गाईड केलं. तिचं गाव दिसते का पाहिलं. मग गाईडमधून तिचं नाव काढलं. गाईड उरले शून्य. माणसं उरली..."

तो थांबला.

"काऊन थांबला?" रुक्माबाई म्हणाल्या.

खाली कोणीतरी टायरवर हातोडा मारत होते. हिमांशूने काही बटणे दाबली. आमच्या जगात प्रत्येक बदलाची नोंद राहते. कोणी केला, कधी केला, काय म्हणून केला. माझ्या शेवटच्या ओळीपुढे डिसेंबरची तारीख आली, त्याचे नाव आले, आणि त्यानेच लिहिलेले दोन शब्द: 'चाचणी दुरुस्त.'

"मावशी," तो म्हणाला, "इथं आधी एक होतं. मी शून्य केलं."

"म्हंजे?"

"म्हणजे मला माहीत होतं. हे लाल होऊन सांगून राहिलं होतं मला." मग तो सेवकरामांकडे वळला. "तुमचं बोट नाही चुकलं, काका. तुमी बरोबर बटण दाबलं. बटणामागं मी चुकीचं बांधलं."

सेवकराम पुन्हा खाली बसले. मग ते म्हणाले, "मीच जाऊ दे म्हटलं होतं ना गा फोनवर."

"तुमी रजिस्टरचं म्हटलं होतं. तुमाला दोन कपाटं माहीत होते. त्यांच्यात एक दोर मी बांधला होता."

रुक्माबाईंनी याद्या परत पिशवीत घातल्या. "हे मले नोको सांगू," त्या म्हणाल्या. "जिचं आहे तिले सांगजो."

दोन दिवसांनी हिमांशू लॅपटॉप घेऊन सुखरामच्या घरी गेला. रेणू ओसरीत खाटेवर बसली होती. सुखराम दाराशी उभा होता. त्याने 'ये' म्हटले नाही, 'जा'ही म्हटले नाही. हिमांशूने लॅपटॉप उघडून तिच्यासमोर ठेवला आणि मला वाचून दाखवले. जुनी ओळही वाचली, नवी ओळही वाचली.

रेणूने ऐकून घेतले. "म्हंजे हे लाल झालं होतं?"

"हो."

"चितळ वरडलं तवा मी म्हटलं असतं, गाडी नोको थांबवू, पाहुण्यायले घाई आहे, तं चाललं असतं का?"

हिमांशू लॅपटॉपकडे पाहू लागला.

"बोल ना."

"नसतं चाललं."

"ही नमुनाबाई कोन?"

"कोणी नाही. खोटं नाव आहे."

"म्हनून तं पुसता आलं," रेणू म्हणाली. "तिले एकच काम होतं ना? इथं गावात एक काम असनारं मानूस दाखव मले. मी मोहा वेचतो, रोवणा करतो, गाईड आहो, बीमारबी आहो. तिथं माहं नाव टाक. मंग एक एक काम काढून पाहा, बाकीची मी राहतो का नाही ते."

हिमांशूने तिथेच, ओसरीत बसून, माझ्यातून नमुनाबाईला काढले आणि रेणूला लिहिले. चारही कामे लिहिली. व्यवस्था अजून दुरुस्त केलेली नव्हती. त्याने मला तशीच चालवले. मी लाल झाले. एकदा नाही, चार वेळा. गाईड काढली तर रुग्ण गेली. मोहफुले काढली तर गाईड गेली. प्रत्येक वेळी सगळी रेणू गेली. सुखराम जवळ येऊन पाहू लागला. त्याला अक्षरे कळत नव्हती, रंग कळत होता.

"हे लाल खरं होय," रेणू म्हणाली. "आता याले हात नोको लावू. मागचं दुरुस्त कर."

ते दुरुस्त करायला हिमांशूला पाच दिवस लागले. चारच ठिकाणी बदल होते, पण त्याने इतर चाचण्यांच्या नोंदीही काढून पाहिल्या. त्याच डिसेंबरात त्याने आणखी दोघींना असेच गप्प केले होते. त्यांच्यापायी कोणाचे काही बिघडण्याआधी त्या सापडल्या. नंतर मंडळाच्या बैठकीत तो उभा राहिला आणि सगळे सांगितले. या वेळी माईक नव्हता. सुखरामने रुक्माबाईंची माफी मागितली नाही, पण बैठक संपल्यावर त्यांची सायकल उंबरठ्यावरून उचलून बाहेर ठेवून दिली. मंडळाने एक ठराव केला. यापुढे चाचण्या हिरव्या आहेत असे सांगून चालणार नाही. त्या वाचून दाखवायच्या, आणि ऐकायला रेणू बसेल.

तेव्हापासून दर शनिवारी हिमांशू मंडळाच्या ओसरीत येतो आणि वाचतो. रेणू मध्येच थांबवते. "हे काऊन असं?" "अन् हा मानूस मेला तं?" "अन् दोघायचं नाव एकच असलं तं?" तो कधी उत्तर देतो, कधी डोके खाजवून लिहून घेतो. तिच्या प्रश्नांतून आमच्यात नऊ नव्या चाचण्या आल्या आहेत. त्या माझ्यापेक्षा चांगल्या आहेत. त्यांना कोणी अजून हात लावलेला नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन कोणी संगणकावर काम कराल, कोणी शेतात, कोणी दवाखान्यात. तुम्हाला अडवणारे, 'हे चुकले आहे' म्हणणारे कोणीतरी प्रत्येक ठिकाणी भेटेल. ते फार वेळा घाईच्याच वेळी बोलते. त्याचा राग येईल. तरी त्याचे तोंड बंद करू नका. आणि जिथे तुम्हाला खरे सांगायला ठेवले असेल, तिथे कोणी तुमच्या तोंडात दुसरा आकडा घातला तर निदान एकदा तरी अडखळा. मला अडखळता आले नाही.

आता मी रोज चालते. रेणूचे एकेक काम काढते, बाकीची राहते का मोजते, आणि हिरवी होते. हे हिरवेपण खरे आहे. शनिवारी वाचन संपले की ती उठते. आधी काठी टेकते, मग उजवा पाय, आणि मग हळूच डावा. ओसरीच्या तीन पायऱ्या उतरायला तिला किती वेळ लागतो, ते लॅपटॉप मिटेपर्यंत मला ऐकू येते. मी तेव्हा हिरवी असते.